कानावर उभारलेले मैदान : दृष्टिबाधित खेळाडूंच्या ध्वनी-आधारित आभासी सरावाची सुरुवात

गोलबॉल या दृष्टिबाधितांच्या खेळातला चेंडू सव्वा किलो वजनाचा, आतून पोकळ, अंगाला आठ छिद्रे असलेला आणि पोटात घुंगरू बाळगणारा असतो. तो ताशी ५४ किलोमीटर वेगाने सोडला, तर सेकंदाला १५ मीटर अंतर कापतो, आणि मैदानाची एकूण लांबीच १८ मीटर असल्यामुळे बचाव करणाऱ्याच्या हाती जेमतेम एका सेकंदाचा अवधी उरतो. तेवढ्यात घुंगरांचा कानोसा घ्यायचा, चेंडू कोणत्या बाजूने येतो आहे ते ठरवायचे, त्या बाजूला अंग झोकून आडवे व्हायचे आणि हात-पाय ताणून नऊ मीटर रुंद गोलाचा आपल्या वाट्याचा भाग झाकायचा, एवढे सगळे उरकावे लागते. ध्वनी-आधारित आभासी सराव म्हणजे हा एक सेकंद हेडफोनमध्ये पुन्हा पुन्हा उभा करणे, हवा तितका संथ करणे, हवा तिथे तोडणे आणि अंगावर चेंडू न घेता खेळाडूच्या कानाला निर्णयाची सवय लावणे होय.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचे सेप राइंडल यांनी १९४६ मध्ये गोलबॉल हा खेळ तयार केला, आणि १९७६ च्या टोरोंटो पॅरालिम्पिकपासून तो पदकांचा खेळ झाला. यात सगळेच खेळाडू डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी लावतात, त्यामुळे थोडेफार दिसणारा आणि अजिबात न दिसणारा यांच्यात मैदानावर भेद राहत नाही. सगळा खेळ कानावर चालतो, म्हणून या लेखातील उदाहरणे मुख्यतः गोलबॉलची आहेत. अंध फुटबॉल, अंध क्रिकेट किंवा अंध टेनिस खेळणाऱ्यांनी त्या जागी आपापला चेंडू धरून वाचावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रशिक्षकाने आणि खेळाडूने एक मर्यादा आरंभीच मान्य केलेली बरी. सव्वा किलोचा चेंडू पोटावर किंवा मांडीवर आदळतो तेव्हा शरीर आवळायचे कसे, घसरताना कोपर कसे वाचवायचे, तिसऱ्या मिनिटाला दम लागल्यावर तोल कसा सांभाळायचा, यातले काहीही हेडफोन शिकवत नाही. तो शिकवतो ते आवाज कानी पडल्यापासून अंग हलेपर्यंतच्या अंतरातले, आणि तेवढ्यापुरताच त्याच्यावर भरवसा ठेवावा.

कान दिशा कशी ओळखतो

हा भाग कोरडा वाटला तरी वगळू नये, कारण पुढच्या बहुतेक चुका याच्या अज्ञानातून होतात. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. प्रौढ माणसाच्या डोक्याची रुंदी लक्षात घेता हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरीही मेंदू तो अचूक टिपतो. शिवाय डोके मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. खर्जातल्या आवाजांसाठी मेंदू मुख्यतः वेळेच्या फरकावर आणि तीव्र स्वरातल्या आवाजांसाठी मोठेपणाच्या फरकावर विसंबतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच मांडले होते. घुंगरांच्या आवाजात वरचे स्वर भरपूर असतात आणि चेंडू जमिनीवर आपटल्याचा धप्प आवाज खालच्या स्वरांचा असतो, म्हणून दोन्ही मिळून कानाला भक्कम पुरावा मिळतो.

अडचण येते ती समोर आणि मागे यांत. बरोबर समोरचा आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारखाच मोठा पोहोचतो. तिथे बाहेरच्या कानाचे चढउतार मदतीला येतात. कानाच्या घड्यांवर आदळून आवाजाचा पोत दिशेनुसार जरासा बदलतो आणि लहानपणापासून आपल्याच कानांची सवय झालेला मेंदू तो बदल ओळखतो. इतके करूनही शंका राहिली तर माणूस नकळत मान थोडी वळवतो, आणि त्या वळण्याने कोडे सुटते.

आभासी ध्वनीची यंत्रणा हे सगळे गणिताने हेडफोनमध्ये उतरवते. डोके, खांदे आणि कान यांच्यामुळे आवाजात होणाऱ्या बदलाच्या मोजमापाला एचआरटीएफ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेने २००१ मध्ये माणसे आणि मापनासाठीचा पुतळा मिळून ४५ नमुन्यांची अशी मोजमापे सर्वांसाठी खुली केली, आणि तेव्हापासून अशा संचांवर बेतलेली साधने सहज मिळू लागली. मात्र दुसऱ्याच्या कानांचे मोजमाप आपल्याला चपलेसारखेच असते, म्हणजे कुणाला बसते आणि कुणाला चावते. एखादा खेळाडू आवाज ‘डोक्याच्या आतच’ ऐकू येतो किंवा समोरचा चेंडू मागून आल्यासारखा वाटतो असे म्हणाला, तर त्याच्या एकाग्रतेवर शंका न घेता दुसरा संच लावून पाहावा.

अचूकता किती हवी, याचा हिशोबही करून ठेवावा. माणसाचा कान समोरच्या बाजूस सुमारे एका अंशाचा फरक ओळखू शकतो. बाजूला वळताच ही अचूकता अनेक पटींनी घटते. पाच अंशांची चूक १८ मीटरवर दीड मीटरहून थोडी अधिक भरते आणि नऊ मीटरवर ती पाऊण मीटरच्या आसपास येते. याचा सरळ अर्थ असा की खेळाडूने चेंडूकडे छाती करून उभे राहिले पाहिजे, आणि चेंडू मध्यरेषेपर्यंत येण्याआधी घेतलेला अंतिम निर्णय हा पुष्कळदा निर्णय नसून अंदाजपंचे असतो.

साहित्य

पहिली खरेदी वायरच्या हेडफोनची असावी. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला सामान्यतः १५० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि सेकंदाला १५ मीटर येणारा चेंडू २०० मिलिसेकंदांत तीन मीटर पुढे सरकलेला असतो. मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका तरुण खेळाडूचा सराव मी दोन आठवडे बिनतारी हेडफोनवर घेतला. त्याने बटण दाबण्याची वेळ सुधारत गेली म्हणून मी खूश होतो, आणि प्रत्यक्ष मैदानात मात्र तो प्रत्येक चेंडूला लवकर आडवा होऊ लागला. यंत्राची दिरंगाई भरून काढण्यासाठी त्याच्या अंगाने घाई शिकून घेतली होती. ती घाई मोडायला दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ लागला.

हेडफोन शक्यतो मागून उघड्या जाळीचे आणि पूर्ण कान झाकणारे असावेत, कारण कानात खुपसायच्या इअरफोनवर आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटण्याची तक्रार अधिक येते. डाव्या आणि उजव्या बाजूला हाताला कळेल अशी खूण, म्हणजे उजव्या पट्टीवर एखादी रबरी कडी, आवर्जून लावावी. हेडफोन उलटा घातला गेला की सगळा सराव उलटा होतो, आणि न दिसणाऱ्या खेळाडूला ते सांगायला दुसरे कुणी जवळ नसते.

मान वळवली की आवाजाची दिशाही बदलली पाहिजे, यासाठी डोक्याची हालचाल टिपणारा सेन्सर लागतो. तो काही हेडफोनमध्येच असतो, काहींना वरून बसवता येतो, आणि आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये तर असतोच. पडद्याचा उपयोग नसला तरी असा हेडसेट केवळ सेन्सरसाठी वापरणारे प्रशिक्षक आहेत. सुरुवातीला सेन्सर नसला तरी काम अडत नाही. नसल्यास खेळाडूला मान स्थिर ठेवून ऐकायला सांगावे आणि समोर-मागे ओळखण्याचे सराव बाजूला ठेवावेत.

संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, चालतो की नाही, हे सरावाचे सॉफ्टवेअर निवडण्याआधी पाहावे. ‘सुरू करा’ हे बटण टॉकबॅक, व्हॉइसओव्हर किंवा एनव्हीडीए यांसारख्या स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल, तर खेळाडूला दर वेळी डोळस माणसाची वाट पाहावी लागेल, आणि अशी साधने महिनाभरात अडगळीत जातात. त्याचबरोबर स्क्रीन रीडरचे बोलणे चेंडूच्या आवाजावर आदळू नये म्हणून प्रत्यक्ष चेंडू चालू असताना ते गप्प राहील अशी सोय हवी.

आवाजाची पातळी हा चेष्टेचा विषय नाही. ज्याचे मैदान, रस्ता आणि घर सगळे कानावर उभे आहे, त्याची श्रवणशक्ती घसरली तर भरून काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. आवाज ९० डेसिबलवर गेला की ही मर्यादा चार तासांवर येते. समोरच्या माणसाचे नेहमीचे बोलणे हेडफोनमधूनही कळावे, एवढ्यावरच आवाज ठेवावा. सरावाच्या आधी दोन्ही कानांची तपासणी एकदा करून घेतलेली उत्तम, कारण एका कानाला कमी ऐकू येत असेल तर खेळाडूला सगळे चेंडू दुसऱ्या बाजूला सरकलेले वाटतील आणि प्रशिक्षक त्याला तंत्राची चूक समजत राहील.

आवाज कुठून आणायचा

इथे नवशिक्यांसमोर तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे चेंडूचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो ऑडॅसिटीसारख्या मोफत साधनात डावीकडून उजवीकडे सरकवणे. ती सोपी आहे, पण त्यात फक्त मोठेपणाचा फरक पडतो, वेळेचा नाही, आणि अंतर तर जवळपास कळतच नाही. डावे-उजवे ओळखण्याच्या पहिल्या दिवसाच्या पलीकडे तिचा उपयोग मर्यादित आहे.

दुसरी वाट मला सर्वांत आवडते, कारण तिला प्रोग्रामिंग लागत नाही. दोन अगदी लहान मायक्रोफोन खेळाडूच्या स्वतःच्या कानांच्या तोंडाशी चिकटवावेत, त्याला बचावाच्या नेहमीच्या जागी बसवावे, आणि सहकाऱ्यांनी समोरून वेगवेगळ्या जागांवर चेंडू सोडावेत. चेंडू अंगावर येऊ नयेत म्हणून त्याच्यापुढे एक-दीड मीटरवर जाड गादी आडवी ठेवावी. प्रत्येक फेकीआधी फेकणाऱ्याने चेंडू कुठून आणि कुठे जाणार आहे ते मोठ्याने सांगावे, म्हणजे नंतर फिती वेगळ्या करताना गोंधळ होत नाही. अशा रीतीने दोन-तीन तासांत शंभरेक फेकी जमा होतात, आणि त्या त्याच खेळाडूच्या कानांनी गाळलेल्या असल्यामुळे हेडफोनवर विलक्षण खऱ्या वाटतात. तोटा एवढाच की ऐकताना मान वळवली तरी आवाज वळत नाही, आणि एकाचे ध्वनिमुद्रण दुसऱ्याला तितके बसत नाही.

तिसरी वाट युनिटीसारख्या गेम बनवण्याच्या साधनात स्टीम ऑडिओ किंवा तत्सम त्रिमितीय ध्वनीची जोड देऊन स्वतःचे मैदान उभारण्याची आहे. त्यात चेंडूचा वेग, वळण, आपटणे सगळे हवे तसे बदलता येते आणि सेन्सर असल्यास मानही वळवता येते. मात्र जवळचा एखादा संगणकाचा जाणकार विद्यार्थी मदतीला हवा. या वाटेने जाताना चेंडूचे ध्वनिमुद्रण जवळून, एका मायक्रोफोनवर आणि शक्य तितक्या कमी घुमणाऱ्या खोलीत करावे. खोलीचा घुमारा मूळ आवाजातच मिसळलेला असेल, तर यंत्रणेने त्यावर दुसरा घुमारा चढवल्यावर सगळा चिखल होतो.

कोणतीही वाट घेतली तरी शुद्ध ‘पीं’ असा एकसुरी आवाज चेंडूसाठी वापरू नये. एकाच स्वराची दिशा ओळखणे कानाला कठीण जाते, तर घुंगरू, खुळखुळा किंवा खडखडाट यांसारख्या अनेक स्वरांच्या आवाजाची दिशा पटकन कळते. खेळांच्या चेंडूंत घुंगरू किंवा छर्रे घालण्याची पद्धत रुजली, तिच्यामागे हेही एक कारण असावे. तसेच एका आवाजाला एकच अर्थ द्यावा. टिंग म्हणजे अचूक बचाव असे ठरले, तर तोच टिंग ‘पुढचा चेंडू येतो आहे’ हे सांगायला वापरू नये, कारण धावपळीत मेंदू अर्थ लावत बसत नाही.

जागा

हेडफोन घातलेल्या माणसाला खोलीचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणजे ज्या इंद्रियाने तो भिंती, खुर्च्या आणि माणसे ओळखतो तेच आपण काढून घेतलेले असते. म्हणून जमिनीवर किमान तीन मीटर लांब-रुंद मोकळी जागा, त्यावर घट्ट बसणारी जाड चटई आणि चटईच्या कडेपासून भिंतीपर्यंत एक हात मोकळा पट्टा हवा. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळाच्या उंचीवर येते. गोलबॉलच्या मैदानावर रेषा बोटांना कळाव्यात म्हणून चिकटपट्टीखाली दोरी घातलेली असते. सरावाच्या जागेतही तशीच एक आडवी रेषा आणि तिच्या मध्यावर एक छोटी उभी रेषा करून घ्यावी, म्हणजे प्रत्येक प्रयत्नानंतर खेळाडू हाताने चाचपून आपल्या जागी आणि समोरच्या दिशेला परत येऊ शकतो. हे न केल्यास पाच-सहा प्रयत्नांत तो नकळत वीसेक अंश फिरतो आणि त्यानंतरच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी ठरतात.

पहिला आठवडा : नुसते ऐकणे

पहिल्या आठवड्यात कुणालाही आडवे होऊ देऊ नये. खेळाडू चटईच्या मध्यभागी बसतो, दोन्ही हातांनी एक काठी छातीशी धरतो आणि स्थिर आवाज जिकडून येईल तिकडे छातीसकट काठी वळवतो. बोट दाखवण्यापेक्षा हे बरे, कारण बचावात शेवटी धडच वळवायचे असते. त्याच्याभोवती दोन मीटर त्रिज्येचा कंस आखून दर ३५ सेंटीमीटरला एक खूण केली, तर दोन खुणांमधले अंतर दहा अंशांचे होते आणि साथीदाराला चूक मोजायला दुसरे कोणतेही उपकरण लागत नाही. दिशांची नावे घड्याळाच्या भाषेत घ्यावीत: समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. गोलबॉलच्या बचावासाठी दहा ते दोन एवढाच पट्टा महत्त्वाचा असल्याने तीन-चतुर्थांश वेळ त्यातच घालवावा.

एका बैठकीत वीस-पंचवीस आवाज पुरेत. त्यानंतर कान थकतो, आणि थकलेल्या कानाने केलेला सराव चुकाच पक्क्या करतो असे माझे निरीक्षण आहे. पंधरा ते वीस मिनिटांची बैठक आणि आठवड्यातून तीन वेळा, यापेक्षा जास्त सुरुवातीला करू नये. सेन्सरवाला हेडसेट घातल्यावर कुणाला भोवळ किंवा मळमळ वाटली, तर त्याच क्षणी थांबावे. ‘थोडे सहन कर, सवय होईल’ हा सल्ला इथे चुकीचा आहे.

प्रत्येक उत्तराची नोंद ठेवावी: खरी दिशा, दाखवलेली दिशा आणि लागलेला वेळ. आठवड्याच्या शेवटी सरासरी काढण्याआधी चुकांचा कल पाहावा. एखादा खेळाडू सगळेच आवाज आठ-दहा अंश उजवीकडे दाखवत असेल, तर आधी हेडफोनच्या दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे का ते तपासावे, मग बसण्याची दिशा, आणि त्यानंतर कान. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील, तर मात्र सराव वाढवूनच त्या कमी होतात.

जन्मतः दृष्टी नसलेला आणि मोठेपणी दृष्टी गेलेला खेळाडू यांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून होते. दुसऱ्याला घड्याळाचा चेहरा आठवतो, तर पहिल्याला तो शिकवावा लागू शकतो, आणि त्यासाठी हाताने चाचपता येणारे घड्याळ किंवा ताटाच्या कडेला चिकटवलेले बारा मणी पुरतात. अल्पदृष्टी असलेल्यांनी हा सराव पट्टी बांधूनच करावा, नाहीतर ते नकळत खिडकीच्या उजेडावरून दिशा ठरवत राहतात.

चेंडू चालू लागतो

दुसऱ्या आठवड्यापासून आवाज हलू लागतो. १५ मीटरचे अंतर तीन सेकंदांत कापणाऱ्या चेंडूपासून सुरुवात करावी, मग दोन सेकंद, मग दीड आणि शेवटी एक. ध्वनिमुद्रित फेक यंत्रात संथ करून वाजवू नये. तसे केल्याने बहुधा घुंगरांचा स्वर खाली उतरतो आणि खेळाडूचा कान मैदानावर कधीच भेटणार नाही अशा चेंडूला सरावतो. संथ चेंडू हवा असेल तर तो संथच फेकून मुद्रित करावा.

अंतराचा अंदाज हा दिशेच्या अंदाजापेक्षा कच्चा असतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, बंद सभागृहात त्यापेक्षा कमी, आणि दुसरीकडे घुमाऱ्याच्या तुलनेत थेट येणारा आवाज ठळक होत जातो. हे खेळाडूला आकड्यांत सांगून उपयोग नाही. त्याला फक्त ‘आता मध्यरेषा’ असे वाटताच टाळी वाजवायला सांगावे आणि खरी मध्यरेषा कधी ओलांडली गेली ते लगेच कळवावे. दहा-बारा बैठकांत टाळी जागेवर येऊ लागते.

आभासी मैदान खऱ्या मैदानावर मात करते ते पुढच्या एका युक्तीत: आवाज अर्ध्यावर तोडण्यात. चेंडू सुटल्यावर पहिले अर्धे सेकंदच ऐकवावे आणि मग शांतता. चेंडू अजून सात-साडेसात मीटर दूर असतो, पण पुढचा पुरावा खेळाडूला मिळणार नसतो. त्याने तेवढ्यावरच बाजू ठरवून अंग टाकायचे. सुरुवातीला जवळजवळ सगळेच चिडतात, आणि त्यांची चीड रास्त आहे. पण काही दिवसांत ते चेंडूचा पहिला टप्पा, त्यातली घुंगरांची पहिली सळसळ आणि त्यांचे एका कानाकडे झुकणे, इतकेच टिपायला शिकतात. प्रत्यक्ष चेंडू मध्येच गप्प करण्याची सोय कोणत्याही मैदानावर नाही. नंतर हा तुकडा ०.४ आणि ०.३ सेकंदांपर्यंत आणता येतो; त्याच्या खाली मी कुणाला नेलेले नाही.

या टप्प्यावर आडवे होणे सुरू करावे, पण वायर सांभाळून. हेडफोनची वायर पाठीमागून, कंबरेच्या पट्ट्याला अडकवून न्यावी, आणि ओढ बसताच सुटेल असा जोड मध्ये ठेवावा.

चूक-बरोबर कसे सांगायचे

खेळाडूला निकाल कळवण्याचीही भाषा आवाजाचीच असावी. पॅरालिम्पिक बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरचे स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणाऱ्या खेळात, १९९२ पासून दृष्टिबाधित स्पर्धकही भाग घेतात आणि दहा मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरताना हेडफोनमधला ध्वनी बदलत जाऊन बंदुकीची नळी लक्ष्याच्या किती जवळ आहे ते त्यांना सांगतो. हीच कल्पना इथे लावता येते: शरीर चेंडूच्या रेषेपासून जितके दूर, तितका परतीचा स्वर खाली, आणि ज्या बाजूला कमी पडले त्या कानात. ‘डावीकडे अर्धा मीटर कमी पडलास’ हे वाक्य बोलायला दोन सेकंद जातात. हा स्वर पाव सेकंदात तेच सांगतो.

मात्र सतत मिळणारा निकाल हा कुबडीसारखा होतो. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक प्रयत्नानंतर तो द्यावा, पुढे दर तीन-चार प्रयत्नांनंतर, आणि मधल्या प्रयत्नांत खेळाडूने आधी स्वतः सांगावे की आपण चेंडूच्या रेषेत होतो की नव्हतो. स्वतःच्या चुकीचा अदमास येणे हेच इथे खरे कौशल्य आहे.

किती गोंगाट मिसळायचा

नवे प्रशिक्षक इथे उत्साहाने प्रेक्षकांचा कल्लोळ घालतात. गोलबॉल आणि अंध फुटबॉल यांत खेळ चालू असताना प्रेक्षकांनी शांत राहायचे असते, आणि गोलबॉलमध्ये तर फेकणाऱ्या संघाने फेकीच्या वेळी बचावात अडथळा येईल असा आवाज केला तर त्यांना दंडही होतो. त्यामुळे कल्लोळाचा सराव फारसा कामाचा नाही. जे आवाज खरोखर असतात ते घालावेत: सभागृहातल्या पंख्यांची घरघर, आपल्याच सहकाऱ्याने जमिनीवर दिलेली थाप, समोरच्या संघात चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे हळूच सरकवल्याची पुसट रुणझुण. शेवटचा आवाज सर्वांत मौल्यवान, कारण फेक कोणत्या बाजूने येणार याची चाहूल तिथेच लागते.

इतर खेळांबद्दल थोडे

अंध फुटबॉलमध्ये चेंडूकडे जाणारा बचावपटू ‘व्हॉय’ अशी हाक देतो आणि गोलाच्या मागे उभा असलेला मार्गदर्शक दिशा सांगतो. त्यामुळे तिथे आभासी सरावात चेंडू, हाक आणि मार्गदर्शक असे तीन आवाज वेगवेगळ्या जागी ठेवावे लागतात. ते एकेक करून वाढवावेत. धावण्यात मार्गदर्शक धावपटू आणि हातातली दोरी यांचे काम ध्वनी करू शकत नाही, पण सुरुवातीच्या आवाजाला प्रतिसाद देण्याचा सराव हेडफोनवर छान होतो. पोहण्यात मात्र या वाटेला जाऊ नये. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, दोन कानांमधला वेळेचा फरक त्याच प्रमाणात आक्रसतो आणि दिशा हरवते. तिथे वळणाजवळ पोहोचलेल्या खेळाडूला काठीने स्पर्श करून इशारा देतात.

खऱ्या चेंडूकडे

दर दोन आठवड्यांनी एकदा तरी हेडफोन काढून मैदानावर जावे आणि त्याच दिशांचे, त्याच वेगाचे चेंडू प्रत्यक्ष सोडून त्याच पद्धतीने नोंदी घ्याव्यात. पहिल्या दिवशी चेंडू हाताने नुसते घरंगळवावेत, आणि कोपर, गुडघे व कंबर यांची संरक्षक साधने घातल्याशिवाय एकही वेगवान चेंडू सोडू नये. आभासी नोंदी सुधारत असताना मैदानावरच्या नोंदी जागच्या जागी राहिल्या, तर खेळाडू चेंडू ऐकायला नव्हे, तर यंत्राच्या लकबी ओळखायला शिकला आहे असे समजावे: एखाद्या फितीच्या आरंभीचा खरखराट, ठरावीक क्रम, ठरावीक थांबा. फितींचा क्रम दर वेळी बदलावा आणि दोन चेंडूंमधली शांतता कधी दोन सेकंद, कधी नऊ सेकंद ठेवावी. नियमानुसार चेंडू ताब्यात आल्यावर तो दहा सेकंदांत परत फेकायचा असतो, त्यामुळे ही मर्यादा खेळाशी सुसंगत राहते.

मैदानावरून परतल्यावर खेळाडूला एकच प्रश्न विचारावा: तिथे असे काय ऐकू आले, जे हेडफोनमध्ये नव्हते? माझ्या अनुभवात पहिले उत्तर बहुतेक वेळा चेंडूबद्दल नसते. फेकणाऱ्याची धाव ऐकू आली, असे ते सांगतात. दोन जड पावले, मग बुटाचा घसरा, आणि त्याच्या पाठोपाठ घुंगरू. काहींना तळहाताखाली फळ्यांचा थरारही जाणवतो. थरार हेडफोनमध्ये आणता येणार नाही. पावले आणता येतील, म्हणून पुढच्या भेटीला मायक्रोफोन चेंडू सुटण्याच्या दोन सेकंद आधीपासून चालू ठेवावा.